अस्तरवाली

हे सगळं एकोणीसशे त्र्याहत्तर साली घडलं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या विभागात नवा मायक्रोस्कोप आला आणि त्याच वर्षी छापखान्याच्या मॅनेजरने माझ्या वन्संना चारचौघांत 'नाटकी बाई' म्हटलं. मायक्रोस्कोपचं कौतुक पुढे ओसरलं. दुसऱ्या गोष्टीचा राग अजून आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा शाळा सोडून त्या छापखान्यात लागल्या आणि धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं, शिकवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं की त्यांनी राहू दिलं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा माझं शिक्षण अर्धवट होतं. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "घरकाम दोघी मिळून करू. परीक्षा मात्र तुझी तुलाच द्यावी लागेल, तिथे मी येणार नाही." मी परीक्षा दिली, पास झाले आणि मोठ्या इस्पितळाच्या हाडांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले.

छापखान्यात वन्सं जुळारी होत्या. जुळारी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. त्या काळी छपाईचं प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा असायचा. तिरक्या लाकडी खणांमधून हे खिळे वेचून, एका हातातल्या पट्टीत उलटे लावत ओळ जुळवायची. सगळं काम उभ्याने. पंधरा-वीस माणसं दिवसभर आपापल्या खणांसमोर उभी, आणि खोलीभर नुसती टिकटिक. संध्याकाळी वन्संची बोटं शिशाने काळी झालेली असत. माझीही काळी असत, ती प्रयोगशाळेतल्या चांदीच्या रसायनाने. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. जेवायला बसताना म्हणायचे, "दोन काळ्या हातांच्या बायका आणि मी एकटा पांढऱ्या हातांचा. तोही खडूमुळे."

त्या वर्षी वन्संचा उजवा गुडघा दुखायला लागला.

सुरुवातीला त्या काही बोलल्या नाहीत. मग जिना चढताना कठड्याला धरून एका जागी थांबायला लागल्या. मग एकदा मी पाहिलं, त्या ओट्यापाशी एका पायावर सगळा भार टाकून भांडी पुसत होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"वन्सं, कसं दुखतं?" मी विचारलं.

"कसं म्हणजे?"

"म्हणजे ठणकतं? कळ येते? सलतं?"

"ठणका बरा गं, तो येतो आणि जातो. हे म्हणजे ओलं फडकं पिळावं तसं कुणीतरी आतून पिळतंय. आणि पिळणाऱ्याला घाई अजिबात नाही."

त्यांनी छापखान्यात एक उंच स्टूल मागितलं. बाकी काही नाही. खणांच्या उंचीला येईल असं स्टूल, म्हणजे बसून काम करता येईल. मॅनेजर म्हणाला, इथे सगळे उभे राहतात. एकीला बसवलं तर उद्या खोलीभर स्टुलं होतील. आजार असेल तर डॉक्टरांचं तसं पत्र आणा. छापखान्याची माणसं तपासणीला आमच्याच इस्पितळात यायची आणि हाडांच्या बाबतीत शेवटचा शब्द आमच्या विभागप्रमुखांचा असायचा. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्या वेळी सगळे त्याला फोटोच म्हणायचे. सरांनी तो उजेडावर धरला.

"झीज नाही," ते म्हणाले. "काय सुंदर गुडघा आहे! विशीतल्या मुलीचा म्हणून खपेल."

वन्सं म्हणाल्या, "मग तिचा तिला परत करा आणि माझा मला द्या. माझ्याकडे आहे तो दुखतो."

सर हसले. ते वाईट नव्हते. आपल्या कामात चोख होते, हे मला आजही म्हणायला हवं. पण त्यांच्या लेखी सांध्याच्या दुखण्याचं नाव होतं झीज. हाडावरची कूर्चा, म्हणजे तो गुळगुळीत पांढरा थर, झिजला की सांधा दुखणार. नाही झिजला तर दुखायचं कारणच नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, 'सांध्यात दोष आढळला नाही.'

मॅनेजरने तो कागद सगळ्या जुळाऱ्यांसमोर वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "म्हणजे दुखणं मनात आहे. नाटकी बाई! मनाला स्टूल लागत नाही. महिनाअखेरपर्यंत नीट उभं राहता येत असेल तर ठीक, नाहीतर घरी बसा, तिथे हवी तेवढी स्टुलं आहेत."

त्या रात्री जेवताना वन्संनी हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, मॅनेजरच्या नाकातल्या आवाजासकट. ह्यांना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. वन्सं म्हणाल्या, "रडतोस काय? वाढ मला. उद्या जायचंय."

आता माझ्या प्रयोगशाळेबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सांधे का दुखतात याचा शोध घेणं हेच आमच्या विभागाचं काम होतं. ऑपरेशनमध्ये काढलेले सांध्यांचे तुकडे आमच्याकडे यायचे. आम्ही ते मेणात बसवायचो, केसाहून पातळ चकत्या कापायचो, रंगवायचो आणि मायक्रोस्कोपखाली पाहायचो. सरांची एक शिस्त होती. नमुना कसा लख्ख हवा. त्यासाठी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर सांध्याभोवतीचं मांस, पडदे, रक्त, सगळं खरवडून काढायची आणि पांढरंशुभ्र हाड बरणीत घालून आमच्याकडे पाठवायची. आमच्या कपाटात अशा बरण्यांची रांग होती. बाहेरचे पाहुणे आले की सर त्या बरण्यांवरून बोट फिरवून दाखवायचे, एखादी गृहिणी घासलेली भांडी दाखवते तसं.

आदल्या वर्षी ती सिस्टर रजेवर गेली होती. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईला ही शिस्त कुणी सांगितली नाही. तिने एक गुडघा निघाला तसाच बरणीत घालून पाठवला. सर ओरडले, "हा नमुना आहे की खाटकाचं दुकान? बाई, हे साफ करा!"

मी साफ करायला बसले. सांध्याच्या आतून एक पातळ पडदा असतो. निरोगी सांध्यात तो ओल्या रेशमासारखा दिसतो. हा मात्र जाड झाला होता, लालभडक, आणि मखमलीसारखा फुललेला. तो गुडघा ज्या बाईचा होता तिला मी वॉर्डात पाहिलं होतं. चादरीचा स्पर्श गुडघ्याला झाला तरी ती कळवळायची. मी चाकू हातात धरून त्या लाल मखमलीकडे बघत बसले आणि मला शाळकरी पोरीसारखा एक प्रश्न पडला. कूर्चेत मज्जातंतू नसतात. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, परीक्षेत आम्ही ते लिहून मार्क मिळवले होते. जिथे मज्जातंतू नाहीत तिथे काही कळतच नाही. कूर्चा कापली तरी तिला पत्ता लागत नाही. मग कूर्चा दुखते कशी?

आम्ही इतकी वर्षं दुखण्याचं कारण शोधत होतो, आणि शोध सुरू करायच्या आधी सांध्यात जे दुखू शकतं तेच खरवडून बादलीत टाकत होतो. का, तर नमुना स्वच्छ दिसावा म्हणून!

मी तो पडदा बादलीत टाकला नाही. वेगळ्या बरणीत ठेवला.

मग मी सर्जनकडे गेले. हाडं कापायचा म्हणून विद्यार्थी त्याला सुतार म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. मी म्हटलं, सांध्यातला तो आतला पडदा फेकू नका, मला पाठवा. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला माझा कचरा हवाय? कचऱ्याला नाही म्हणणारा मी कोण? घेऊन जा."

वर्षभर मी हा कचरा गोळा केला. सरांनी दिलेलं काम संपलं की खिडकीजवळच्या कोपऱ्यात माझं हे काम चालायचं. मज्जातंतू दिसायला चांदीची रंगाई करावी लागते, आणि ती भलतीच लहरी असते. पाणी जरा कोमट झालं की सगळी काचपट्टी काळी. जरा गार राहिलं की नुसती पिवळी. कितीदा तरी मी हातातली काचपट्टी मोरीत आपटली आहे. पण जमली की जमली. सोनेरी रंगावर काळे, केसांसारखे बारीक धागे उमटायचे. आणि मला दिसत गेलं ते असं : ज्यांचा पडदा सुजलेला, त्यांच्या पडद्यात हे काळे धागे दाट. अपघातात पाय गमावलेल्या पण सांधा निरोगी असलेल्या माणसांच्या पडद्यात विरळ. जास्त कळवळणाऱ्या रोग्यांच्या बहुतेक पट्ट्यांत धागे जास्त. कूर्चा किती झिजली होती, त्याच्याशी त्याचा फारसा मेळ बसत नव्हता.

मी हे कुणाला बोलले नव्हते. अजून नमुने हवेत, अजून पक्कं हवं, असं स्वतःला सांगत होते. वन्संचा कागद छापखान्यात वाचला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "शनिवारच्या सभेत मला बोलायचंय."

दर शनिवारी विभागाची सभा व्हायची. डॉक्टर, विद्यार्थी, सुतार, सगळे जमायचे. मी भिंतीवर काचपट्ट्यांची चित्रं दाखवली. सांध्यातल्या त्या पडद्याला पुस्तकात लांबलचक नाव आहे, माझ्या तोंडून मात्र घरातला शब्द निघाला. मी म्हटलं, "हे सांध्याचं अस्तर. कोटाला आतून असतं ना, तसं."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आता मापं घेणार!" खोली हसली. सरही हसले.

"बाई, ही प्रयोगशाळा आहे, शिंप्याचं दुकान नव्हे."

"सर, कूर्चेत मज्जातंतू कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठेच नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक आहे."

"मग झिजल्यावर ती दुखते कशी?"

सुताराने तेवढं "अरेच्चा" म्हटलं, तेही स्वतःशीच.

सर काही कच्चे नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला नेमकं धरलं. "तुमचे सगळे नमुने ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांचे आहेत. म्हणजे फोटोतही बिघडलेल्या गुडघ्यांचे. त्यांच्यात झीजही आहे आणि सूजही. झिजेमुळेच अस्तर चिडलं नसेल कशावरून? फोटो स्वच्छ आहे आणि तरी दुखतंय, असा एक तरी गुडघा तुमच्याकडे आहे का?"

नव्हता. फोटो स्वच्छ असलेला गुडघा कुणी उघडत नाही.

"आणि अस्तर शांत असूनही दुखतं असे रोगी नाहीत का?"

"आहेत. थोडे आहेत."

"त्यांचं काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग माहीत झालं की बोला," सर म्हणाले आणि दिवे लावायला सांगितलं.

बाहेर आल्यावर सुतार मला गाठून म्हणाला, "शिंपीणबाई, मार खाल्लात, पण मारलंतही." त्या दिवसापासून मी विभागात 'अस्तरवाली' झाले. कुणी तोंडावर म्हणे, कुणी पाठीमागे.

घरी आले तेव्हा माझं तोंड पाहून वन्संनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. स्वच्छ फोटोचा एकही गुडघा नाही म्हणून हरले, एवढं म्हणून मी थांबले.

"म्हणजे फोटो स्वच्छ, पण दुखतोय, असा गुडघा हवाय तुला?"

"हो."

"मग हा काय आहे?" त्यांनी साडी किंचित वर करून पाय पुढे केला. "घे कापून काय हवं ते."

हे म्हणाले, "ताई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच म्हणजे? शेतातला मुळा आहे का हा, उपटला की दिसायला? आत आहे, आत जाऊनच बघावं लागणार. तू भूगोल शिकवतोस ना? मग एखाद्या देशात न जाता नकाशा काढतोस का?"

"पण दुखेल गं."

"आता काय गुदगुल्या होतायत?"

मी त्यांना समजावलं की सुई घालून अस्तराचा चिमूटभर तुकडा काढता येतो, पण त्यात धोकाही असतो. सांधा बिघडू शकतो, पू होऊ शकतो. आणि तुकड्यात काही सापडलं नाही तर? तर सरांचंच खरं, असं त्यांना आणि मला दोघींना मान्य करावं लागेल. वन्संनी साडी पुन्हा पायावर सारली. मग म्हणाल्या, "नाही सापडलं तर मी त्या मॅनेजरला जाऊन सांगेन की बाबा, माझं दुखणं मनातलं आहे. पण असं सांगायची वेळ यायची नाही. माझ्या मनाला मी ओळखते. ते एवढं आळशी नाही."

सुतार आधी तयार नव्हता. त्याने वन्संना समोर बसवून सगळे धोके पुन्हा सांगितले. वन्सं म्हणाल्या, "हे सगळं माझ्या भावजयीने सांगून झालंय. तुम्ही सुतार ना? मग खिळ्यांच्या बाईला घाबरता कशाला?" तो इतका हसला की त्याचा नकारच गळून पडला. त्याने गुडघा बधिर केला आणि जाड सुईने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढले. वन्सं छताकडे बघत होत्या. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "हात सांभाळून ठेव. तुला नंतर लागतील."

ती रंगाई मी जन्मात विसरणार नाही. तुकडे इतके कमी होते की एकही पट्टी वाया घालवून चालणार नव्हतं. पाण्याचं पातेलं मी कोपराने तपासत होते, बाळाच्या अंघोळीचं तपासावं तसं. शेवटची पट्टी धुऊन मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि भिंगावर डोळा टेकवायच्या आधी मी उगाचच पदर नीट केला.

अस्तर जाड होतं. फुगलेलं, पेशींनी गच्च भरलेलं. आणि त्यातून काळे, बारीक, वाकडेतिकडे धागे, पावसाळ्यात भिंतीला फुटणाऱ्या रोपांच्या मुळांसारखे. माझ्या वन्संना जे आतून पिळत होतं ते मी पाहत होते.

मी सरांना बोलावलं. ते आले, बसले आणि बराच वेळ भिंगातून उठलेच नाहीत. बोटाने पट्टी इकडे सरकव, तिकडे सरकव, चाललं होतं. मग मान वर करून म्हणाले, "रंगाई उत्तम आहे."

"आणि सर?"

"आणि काही नाही. एका गुडघ्यावर मी माझं मत बदलणार नाही. मी फोटोबद्दल लिहिलंय, आणि फोटो स्वच्छच आहे."

"सर, फोटोत अस्तर दिसतच नाही. जे दिसत नाही ते नाही, असं कसं म्हणायचं?"

ते उभे राहिले. "बाई, तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. विभागाचं काम करा, नाहीतर शिवणकाम करा. दोन्ही इथे चालणार नाही. महिनाअखेर कोपरा मोकळा करा."

मी म्हटलं, "करते. पट्ट्या मात्र माझ्या."

सर लिहून देणार नव्हतेच; मॅनेजरने मागितलेलं पत्र सुताराने लिहून दिलं. चार ओळी होत्या. गुडघ्याच्या अस्तराला सूज आहे, तपासणीत ती प्रत्यक्ष दिसली आहे, दुखणं खरं आहे, यांनी बसून काम करावं. खाली सही, शिक्का. वन्संचा गुडघा सुदैवाने लवकर भरून आला. कामावर परत जायच्या दिवशी मीही रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. आमचं घरातलं उंच स्टूल, ज्यावर चढून हे दिवे बदलायचे, ते मी उचलून घेतलं होतं.

मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता याचा चेहरा उतरेल. तो म्हणाला, "अरे वा. म्हणजे आजार आहे."

"आहे," मी म्हटलं. जिंकल्यासारखंच म्हटलं.

"मग आजारी माणूस मला कामावर ठेवता येत नाही. नियम आहे. धडधाकट माणूस हवा. हे तुमच्याच डॉक्टरांनी लिहून दिलंय." त्याने पत्राची घडी करून खिशात घातली. "बरं झालं आणलंत ते."

वर्षभराचं काम, वन्संच्या गुडघ्यातली सुई, माझा कोपरा, सगळं या माणसाने घडी घालून खिशात ठेवलं होतं. आजार नाही म्हणून घरी जा, आणि आजार आहे म्हणूनही घरी जा.

"दे ते इकडे," वन्सं मला म्हणाल्या आणि माझ्या हातून स्टूल घेतलं. लंगडत आपल्या खणांपाशी गेल्या, स्टूल ठेवलं, पदर खोचला आणि बसल्या. पट्टी हातात घेतली.

"उठा," मॅनेजर म्हणाला.

"नाही."

"बाई, मी सांगतोय, उठा."

"ऐका साहेब. दुखत नाही असं कागदावर होतं तेव्हा मला तुम्ही खोटारडी म्हणालात. आता दुखतंय हे ठरलं तर निकामी म्हणताय. माझ्या गुडघ्याने नक्की काय करावं म्हणजे तुमचं समाधान होईल? मी अक्षरं बोटांनी जुळवते. बोटांत काही बिघाड असेल तर दाखवा, आत्ता उठते." आणि खिळे वेचायला सुरुवातही केली. टिक. टिक.

मॅनेजरने स्टुलाच्या पायाला हात घातला. तेव्हा लक्षात आलं की खोलीत टिकटिक फक्त वन्संच्याच पट्टीची येतेय. बाकी सगळ्यांचे हात थांबले होते. फोरमन म्हणून एक जाडजूड, सदा चिडलेला माणूस होता. वन्संशी त्याचं रोज एका तरी मजकुरावरून वाजायचं. तो मॅनेजरला म्हणाला, "साहेब, ओढा तुम्ही स्टूल. आम्ही सगळे उभेच आहोत. नियमाप्रमाणे. दिवसभर उभे राहू, हात खाली सोडून."

"तुम्हालाही स्टुलं हवीत का?"

"मला नको. मी बसलो तर मोडेल. तिला राहू द्या."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजरने आतल्या दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीत छपाईयंत्र जुळलेल्या मजकुराची वाट बघत नुसतंच घरघरत होतं. त्याने स्टुलावरचा हात काढला आणि म्हणाला, "आजच्या दिवस बसा."

"आजच्या दिवस बसते," वन्सं म्हणाल्या. "उद्या उद्याचं बघू." आणि मग माझ्याकडे वळून, "तू जा आता. तुला कोपरा आवरायचाय."

वन्सं निवृत्त होईपर्यंत 'आजच्या दिवस' बसत होत्या. सूज उतरवायच्या औषधांनी त्यांना कधी बरं वाटे, कधी नाही. दुखणं पुरतं कधीच गेलं नाही. त्या पंच्याऐंशीव्या वर्षी गेल्या, छातीत कफ भरून. शेवटच्या आजारपणात नर्सने गुडघ्याला हात लावला तर तिला म्हणाल्या, "सांभाळून हं, तो अभ्यासातला आहे."

मॅनेजर, खिळ्यांची छपाई बंद पडली तेव्हा, दुसऱ्या गावी कागदाच्या गोदामावर गेला. पुढचं कळलं नाही. फोरमन वन्संच्या अंत्यसंस्काराला आला होता, काठी टेकत, आणि कुणीतरी खुर्ची दिली तर त्याच्यावरच खेकसला.

सुताराने लहान गावात स्वतःचं इस्पितळ काढलं. त्याची पत्रं 'शिंपीणबाई यांस' अशीच यायची. तिथून तो मला नमुने पाठवत राहिला, पण ते पाहायला माझ्याकडे भिंग नव्हतं. एका सकाळी हृदयविकाराने अचानक गेला.

सरांनी पुढे विभागासाठी नवी इमारत बांधून घेतली. त्यांचे गुडघे कधीच दुखले नाहीत, ऐंशीच्या घरातही ते जिने दडदड चढायचे. त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या आवृत्तीत अस्तराच्या सुजेवर दोन परिच्छेद आहेत. नाव कुणाचंच नाही. एका समारंभात भेटले तेव्हा म्हणाले, "काय बाई, अजून शिवता का?" मी म्हटलं, "उसवतेही."

हे निवृत्तीनंतर दहा वर्षं नकाशे रंगवत बसले आणि झोपेत गेले.

मी कोपरा सोडला आणि विभागही. नर्सांच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवलं, तेच पुढे माझं आयुष्यभराचं काम झालं. माझा लेख दोन ठिकाणांहून परत आला, तिसऱ्या एका छोट्या मासिकाने छापला. पुढे मोठ्या देशांतल्या मोठ्या प्रयोगशाळांनी, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या रंगांनी, तेच आणि त्याहून पुष्कळ जास्त पाहिलं. त्यांतल्या कुणी माझा लेख वाचला असेल असं मला वाटत नाही. याचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही नर्सने 'फोटो स्वच्छ आहे, म्हणजे दुखत नाही' असं कुठल्या रोग्याला म्हटलेलं मी खपवून घेतलेलं नाही.

गेल्या महिन्यापासून माझा खांदा धरलाय. परवा एका तरुण डॉक्टरकडे गेले. त्याने माझ्याकडे न बघता लिहायला घेतलं, "वयोमानाप्रमाणे."

मी म्हटलं, "बाळा, वय हे कारण झालं नाही, ती नुसती तारीख झाली. कारण सांग."

तो म्हणाला, "आजी, बघून सांगावं लागेल."

"बघ की," मी म्हटलं आणि पर्स मांडीवर ठेवून खुर्चीत नीट मागे टेकून बसले. "मला काही घाई नाही."